स्थौल्य (आयुर्वेद)

स्थौल्य म्हणजे शरीरात मेद व मांस यांची प्रमाणाबाहेर वाढ होण्याची अवस्था होय. तिलाच मेदोरोग असेही म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात तिचे सविस्तर विवेचन आढळते. तेथे वजनाचे माप दिलेले नाही. नितंब, पोट व स्तन यांचे थुलथुलीत होणे आणि उत्साह मंदावणे यांवरून स्थौल्य ओळखावे, असे सांगितले आहे.

कारणमीमांसा

अतिआहार, गोड व स्निग्ध पदार्थ, दिवसाची झोप आणि व्यायामाचा अभाव यांबरोबरच चरकाने बीजस्वभाव, म्हणजे आनुवंशिकता, हेही कारण मानले आहे. मेदाने स्रोतसे अडली की वायू कोठ्यात कोंडतो आणि जठराग्नी प्रदीप्त करतो. अन्न लवकर पचते व पुन्हा भूक लागते. त्या अन्नाचा मेदच वाढतो. इतर धातूंचे पोषण होत नाही. त्यामुळे स्थूल व्यक्तीची भूक हा केवळ हावरेपणा नसून व्याधीचेच लक्षण ठरते. कडक उपवास केल्यास अग्नी व वायू अधिकच प्रक्षुब्ध होतात आणि भरपूर खाल्ल्यास मेद वाढतो. कृश व्यक्तीपेक्षा स्थूल व्यक्तीची चिकित्सा कठीण मानली जाते, ती या पेचामुळेच.

चिकित्सा

पचण्यास जड, पण पोषण कमी करणारा आहार हे चिकित्सेचे मुख्य सूत्र आहे. मध हे त्याचे ठळक उदाहरण (मधात साखर असल्याने मधुमेही व्यक्तींना तो सरसकट चालत नाही). वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या १४ व्या अध्यायात, कुळीथ, सातू, मूग, ताक आणि 'जूर्ण' यांचा उल्लेख आहे. जूर्ण म्हणजे ज्वारी, असा अर्थ सामान्यतः केला जातो. मधाबरोबर त्रिफळा, गुळवेल किंवा नागरमोथाही सांगितला आहे. याच यादीत जागरण आणि चिंता हेही उपाय आहेत. आजचा वैद्य ते क्वचितच सुचवील.

या ग्रंथावरील 'आयुर्वेदरसायन' ही टीका देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात लिहिली. देवगिरी म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळचे आजचे दौलताबाद. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने ही टीका अरुणदत्ताच्या टीकेसह छापली.

अन्य परंपरा

कोरियन पारंपरिक वैद्यकातही प्रकृतिभेदाला महत्त्व आहे. ली जे-मा यांनी १८९४ मध्ये माणसाच्या चार प्रकृती मांडल्या; त्यांपैकी 'तेउम' प्रकृतीचा कल स्थूलतेकडे मानला जातो. तेथे वजन घटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'माह्वांग' या वनस्पतीत एफेड्रीन असते. त्याने भूक मंदावते, परंतु रक्तदाब व हृदयाची गतीही वाढते. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रीनवर्गीय द्रव्ये असलेल्या आहारपूरकांवर बंदी घातली.