बिलावरील आंकडा आणि ग्राहकाचा हक्क

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. आमच्या आठव्या इयत्तेंतील एक विद्यार्थी दोन दिवस वर्गांत अगदीं गप्प बसून होता. हा मुलगा बेसा येथें राहतो. मधल्या सुट्टींत त्याला जवळ बसवून विचारलें, तेव्हां त्यानें मोठ्या कष्टानें सांगितलें तें असें : आईनें त्याला दीडशे रुपये देऊन चहाचा पुडा आणावयास पाठविलें होतें. पुड्यावर किंमत १४० रुपये छापलेली. तेव्हां दहा रुपये परत यावयाचे. मुलानें घरीं चारच रुपये आणून दिले. उरलेले सहा रुपये कोठें गेले, या प्रश्नास त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. आईनें त्यास मारलें नाहीं, कीं ती रागेंही भरली नाहीं. "खाल्लें असशील कांहीं, पण खोटें बोलूं नकोस," एवढेंच ती म्हणाली. हें शेवटचें वाक्य मुलाच्या मनाला फार लागलें होतें. "मी कांहीं खाल्लें नाहीं, सर," असें तो आम्हांस तीन वेळां म्हणाला.

आम्हीं त्याला पुडा व बिल घेऊन यावयास सांगितलें. बिल चड्डीच्या खिशांत चुरगळून राहिलें होतें व आईच्या दृष्टीस तें पडलेंच नव्हतें. तें सरळ करून वाचलें, तों चहापुढें आंकडा होता १४६. मुलगा खरें बोलत होता. सहा रुपये दुकानानें जास्त घेतले होते, आणि त्यांचा ठपका मात्र एका बारा-तेरा वर्षांच्या मुलावर आला होता.

असें कसें होतें, आणि झालें असतां काय करावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस ठाऊक असावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

पूर्वीं इतवारींत किंवा बुधवारी बाजारांत माल घ्यावयाचा म्हणजे तोंडानें भाव विचारावयाचा, थोडी घासाघीस करावयाची आणि मग पैसे मोजावयाचे. त्यांत फसवणूक होत नसे असें नाहीं. परंतु जी किंमत ठरे ती उभयतांच्या कानांवरून गेलेली असे. आतां मनीषनगराकडून बेसा गांवाकडे येणाऱ्या रस्त्यावर, जेथें थोड्या वर्षांपूर्वीं शेतें होतीं तेथें, मोठमोठीं दुकानें झालीं आहेत. तेथें गिऱ्हाईक स्वतःच फळीवरून माल उचलतें, ढकलगाडींत घालतें आणि दाराजवळच्या काउंटरवर नेऊन ठेवतें. तेथील मुलगी एकेक वस्तु यंत्रापुढें धरते, यंत्र बारीक आवाज करतें व पडद्यावर आंकडा उमटतो. ह्या साऱ्या व्यवहारांत किंमत कोणी उच्चारीतच नाहीं. पाठीमागें रांग उभी असते, हातांत पिशव्या असतात. आंकड्याकडे पाहण्यास सवड कोणाला?

पुष्कळांचा असा समज असतो कीं, पुड्यावरील काळ्या उभ्या रेघांत किंमत लिहिलेली असते आणि यंत्र ती वाचतें. हा समज चुकीचा आहे. त्या रेघांत बहुधा तेरा आंकड्यांची एक संख्या असते, व तीच रेघांखालीं छापलेलीही असते. आपल्या देशांत नोंदविलेल्या संख्येचा आरंभ ८९० या आंकड्यांनीं होतो. ही वस्तु कोणत्या कंपनीची व कोणती, एवढेंच त्या संख्येवरून कळतें. तिच्यांत किंमतीचा पत्ताही नसतो. शेवटचा आंकडा केवळ पडताळ्याचा. गणिताची आवड असणाऱ्या मुलांनीं घरांतील एखादा पुडा घेऊन पाहावें : दुसऱ्या, चवथ्या, सहाव्या अशा सम स्थानांवरील आंकड्यांच्या बेरजेला तिनांनीं गुणावें, त्यांत विषम स्थानांवरील सर्व आंकडे मिळवावे, म्हणजे येणाऱ्या संख्येस दहानें नि:शेष भाग जातो. न गेल्यास यंत्र ती संख्या स्वीकारीत नाहीं. अशी रेघांची खूण दुकानाच्या यंत्रानें प्रथम वाचली ती २६ जून १९७४ रोजीं, अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या ट्रॉय गांवीं. वस्तु होती च्युइंग गमचा एक पुडा, किंमत ६७ सेंट.

तर मग किंमत येते कोठून? ती दुकानाच्या संगणकांत त्या संख्येपुढें कोणी तरी माणसानें लिहून ठेविलेली असते. कंपनीनें चहाचा भाव वाढविला, नवा माल १४६ छापून आला, दुकानांतील माणसानें संगणकांत १४६ लिहिले; पण फळीवर १४० छापलेले जुने पुडे अद्याप शिल्लकच होते. दोन्ही पुड्यांवरील रेघा एकच. यंत्राला नवें-जुनें कळत नाहीं. तें दोहोंचेही १४६ लावतें. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतींत झालें तें हेंच. कोठें फळीवरील चिठ्ठीवर सवलतीची किंमत असते आणि संगणकांत ती चढविलेलीच नसते. ह्यांतलें किती हयगयीनें होतें आणि किती जाणूनबुजून, हें बाहेरच्याला सांगतां येणार नाहीं. परंतु चूक यंत्राची नव्हे, आणि गिऱ्हाइकाची तर नव्हेच नव्हे, इतकें यावरून स्पष्ट व्हावें.

आतां कायद्याकडे वळूं. व्यापाऱ्याच्या नफ्याला मर्यादा असावी ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत देशी मालावर शेकडा पांच व परदेशी मालावर शेकडा दहा नफा घालून दिला आहे, आणि वजनमापें तपासण्यास निराळा अधिकारी नेमावयास सांगितलें आहे. अलीकडच्या काळांत बांधीव पुड्यांवर वजन, किंमत इत्यादि मजकूर छापण्याविषयींचे नियम १९७७ सालीं झाले. तथापि त्यांत एक पळवाट होती. किंमत छापून पुढें 'स्थानिक कर वेगळे' असें लिहिण्याची मोकळीक होती, आणि हे कर किती हें गिऱ्हाइकास कोठून कळणार? दुकानदार सांगेल तो कर. १९९० सालीं ही पळवाट बंद होऊन 'सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत' छापणें सक्तीचें झालें. हिलाच लोक एमआरपी म्हणतात. पुढें २००९ सालचा वैध मापनशास्त्र कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलांत आला. त्याखालील नियमांनुसार छापील किंमतीहून अधिक किंमतीस पुडा विकणें हा गुन्हा आहे, आणि ती किंमत खोडणें, पुसट करणें किंवा बदलणें यासही बंदी आहे. किंमत उतरली असतां कमी किंमतीची चिठ्ठी लावतां येते. पण तिनें मूळ छापील किंमत झांकली जातां कामा नये. म्हणून ज्या पुड्यावर किंमतीच्या जागींच चिठ्ठी डकविली आहे, तो पुडा नखानें जरा खरवडून पाहावा.

ग्राहकांच्या बाजूनें बोलणारीं माणसें उभीं राहिलीं म्हणूनच पुढचा कायदा झाला. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढच्याच वर्षीं मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि तिनें सभासद कुटुंबांचे लहान लहान संघ करून घाऊक बाजारांतील माल त्यांस वांटून देण्याची पद्धति सुरू केली. २४ डिसेंबर १९८६ रोजीं ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याची जागा २०१९ सालच्या नव्या कायद्यानें घेतली व तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यांतील एक कलम आमच्या पालकांनीं अवश्य लक्षांत ठेवावें. तक्रारीस कारण होणाऱ्या गोष्टींत, कायद्यानें ठरविलेल्या, वस्तूवर किंवा पुड्यावर छापलेल्या, दुकानांत लावलेल्या दरपत्रकांतील, अथवा उभयतांनीं ठरविलेल्या किंमतीहून अधिक घेणें, असें सांगितलें आहे. म्हणजे फळीवर १२० ची चिठ्ठी, पुड्यावर १४० आणि बिलांत १४० असें असलें तरी, छापील किंमत ओलांडलेली नसूनही, गिऱ्हाइकास बोलण्याचा हक्क आहे. तसेंच बिल न देणें ही सुद्धां अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. "बिल कशाला, दहा रुपयांचा तर माल," असें कोणी म्हणाल्यास आपण तें मागावें. आमच्या विद्यार्थ्याजवळ तें चुरगळलेलें बिल नसतें, तर तो कायमचा खोटा ठरला असता.

छापील किंमत ही कमाल किंमत आहे, ठरीव नव्हे. तिच्याहून कमी घेण्यास कोणाची आडकाठी नाहीं. पण दुकानदारानें कमी घेतलेच पाहिजेत असा हट्टही आपणांस धरतां येणार नाहीं. सुटी भाजी, सुटें धान्य यांवर छापील किंमत नसते. तेथें तागडी व दरफलक हेच पाहावयाचे. (तागडीवरून आठवलें. आमच्या नागपुरांत संत्र्याची बर्फी घेतांना पुठ्ठ्याचा डबा बर्फीच्या भावानें तोलला जात नाहीं ना, हेंही पाहात जावें.) उपाहारगृहाची गोष्ट निराळी आहे. तेथें बसून पाण्याची बाटली घेतल्यास छापील किंमतीहून जास्त आकारतां येतें, कारण तेथें वस्तूबरोबर सेवाही मिळते, असा सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१७ मध्यें निर्णय दिला आहे. रस्त्यावरील दुकानदार जर थंड करण्याचे म्हणून दोन रुपये जास्त मागूं लागला, तर हा निर्णय त्याच्या कामाचा नाहीं.

'चाळीस टक्के सवलत' असा मोठा फलक लावून बिल करतांना त्यावर पुन्हा कर चढविणें, ह्याला राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २०१७ सालीं अनुचित प्रथा ठरविलें. माल घेऊन झाल्यावर काउंटरवर पिशवीचे पैसे लावण्याविषयीं त्याच आयोगानें डिसेंबर २०२० मध्यें बिग बझारच्या प्रकरणांत दुकानाविरुद्ध निकाल दिला. चिल्लर नाहीं म्हणून हातावर गोळ्या ठेवण्याची चाल तर आमच्या बालमित्रांस गोड वाटत असेल. पण गोळी हें कांहीं नाणें नव्हे, आणि ती नको म्हणून सांगण्यास कोणतीच हरकत नाहीं.

एका बाबतींत मात्र छापील किंमत पाहूनही भागत नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचें तेल यांवरील वस्तु व सेवा कर शेंकडा १८ वरून ५ वर आला. ज्या बाटलीवर करासह ११८ रुपये छापले आहेत, तिची मूळ किंमत १०० रुपये. नव्या दरानें ती १०५ ला मिळावयास पाहिजे. जुन्या बाटल्यांवर जुनाच आंकडा राहिलेला असूं शकतो. अशा वेळीं बिलांत कर कोणत्या दरानें लावला आहे तेंही वाचावें.

जास्त पैसे घेतले गेल्याचें दिसून आल्यास प्रथम काउंटरवरच शांतपणें पुडा व बिल दाखवावें. तेथें उभी असलेली मुलगी घोगली-पिपळ्याकडची, दिवसभर उभ्यानें काम करणारी, कदाचित् आमचीच माजी विद्यार्थिनी असते. किंमत तिनें लिहिलेली नसते. तिच्यावर आवाज चढवूं नये, व्यवस्थापकास बोलवावें. बहुतेक प्रकरणें येथेंच मिटतात. न मिटल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार करतां येते. छापील किंमतीच्या उल्लंघनाबद्दल वैध मापनशास्त्र खात्याच्या निरीक्षकाकडे जावें. त्या खात्याचें कार्यालय नागपुरांत आहे. याउपर जिल्हा ग्राहक आयोग. मालाची किंमत पांच लाखांपर्यंत असेल तर तेथें फी पडत नाहीं, वकील केलाच पाहिजे असें नाहीं, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. नव्या कायद्यानें ग्राहक जेथें राहतो तेथील आयोगाकडेही दाद मागतां येते. तेव्हां पुण्यास प्रवासांत कोठें फसलेल्या बेसा येथील माणसास पुण्यास खेटे घालावयाचें कारण उरलेलें नाहीं.

सहा रुपयांकरितां आयोगाकडे कोण जाणार, असें आमचे वाचक म्हणतील. आमचेंही मत तेंच आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणें कायद्यांतील उणीवही तीच. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत फळीवरील किंमतीहून यंत्रानें जास्त लावल्यास दुकानानें फरक तर परत द्यावयाचाच, शिवाय फरकाच्या दसपट रक्कम, निदान एक डॉलर व फार तर पांच डॉलर, द्यावयाची, नाहीं तर ग्राहकास कोर्टांत जातां येतें, अशी तरतूद आहे. त्यामुळें संगणकांतील आंकडे वेळच्या वेळीं दुरुस्त करण्यांत दुकानदाराचेंच हित असतें. आपल्याकडे अशी तरतूद नाहीं. येथें तें काम ग्राहकाच्या डोळ्यांवर सोंपविलेलें आहे.

आमच्या विद्यार्थ्याची आई त्या दिवशीं सायंकाळीं मुलास घेऊन त्या दुकानांत गेली. आम्हीही सोबत होतों. व्यवस्थापकानें पुडा पाहिला, बिल पाहिलें, क्षमा मागितली व सहा रुपये परत दिले. फळीवर त्याच जुन्या किंमतीचे आणखी पुडे होते. तेही त्यानें काढून बाजूस ठेवविले. आई निघण्याच्या बेतांत होती, इतक्यांत मुलानें हळूच विचारलें, "ह्याच्या आधीं ज्यांनीं पुडे नेले त्यांचे पैसे कसे परत देणार, काका?" व्यवस्थापक गृहस्थ थोडा वेळ त्याच्याकडे पाहात राहिले. मग, उद्यां दाराशीं तसा फलक लावतों, असें म्हणाले. दुसऱ्या दिवशीं शाळेंत येतांना मुलगा मुद्दाम वाट वांकडी करून त्या दुकानावरून आला. फलक लागला होता.