तलावावरची शिरगणती

नाताळात पक्ष्यांची शिकार करण्याऐवजी ते मोजावेत, असे अमेरिकेतील फ्रँक चॅपमन यांनी १९०० मध्ये सुचवले. तेव्हा २७ जण पुढे आले. आशियातील पाणपक्षी गणनाही १९८७ पासून दर जानेवारीत स्वयंसेवकांच्याच बळावर चालते. आपल्या शाळेनेही तिच्यात भाग घ्यावा, असे आम्हांला वाटते.

त्यासाठी गावचा तलाव निवडू. मुलांच्या लहान तुकड्या करू. प्रत्येक तुकडीत एक जाणकार, एक मोजणारा व एक नोंद करणारा असावा. आधी एक सराव-फेरी घेऊ. न ओळखलेल्या पक्ष्याला अंदाजाने नाव देऊ नये. पक्षी दिसलाच नाही, तर 'शून्य' लिहावे. तलाव ओस पडत चालल्याचे तो शून्यच सांगतो. शेवटी निष्कर्ष मुलांना जरूर कळवावेत. आपल्या नोंदीचे काय झाले हे समजले, तरच ती पुढच्या जानेवारीत पुन्हा येतील.