धूमकेतू स्थिर ठेवावा की तारे?

२०२५ च्या दिवाळीत आपल्या आकाशात एक पाहुणा येऊन गेला. त्याचे नाव लेमन. ३ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, माउंट लेमन येथून चालणाऱ्या आकाश-सर्वेक्षणात तो प्रथम सापडला, म्हणून त्या डोंगराचे नाव त्याला चिकटले. आपल्या लिंबाशी त्याचा काही संबंध नाही. पण रंगाने तो हिरवट निघाला हा योगायोग गमतीचाच म्हणावयाचा. २१ ऑक्टोबरला, म्हणजे नेमक्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला. जवळ म्हणजे सुमारे नऊ कोटी किलोमीटरवर!

आमच्या राणीसावरगावात माझ्या आजीच्या पिढीची माणसे धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणतात. "शेंडेनक्षत्र निघालं म्हणजे काही खरं नाही बाई," असे आजीने त्याही वेळी ऐकवले. सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार केला होता. सोयाबीन पाण्यात गेले होते. तेव्हा गावात या दोहोंची सांगड घालणारे पुष्कळ भेटले. पूर आधी आला आणि धूमकेतू नंतर दिसला, हा क्रम कोणी ध्यानात घेईना. त्यात मोबाइलवर एक छायाचित्र फिरत होते: मंदिराच्या कळसावर अर्धे आकाश व्यापणारी झगझगीत शेपटी. गच्चीवर जाऊन पाहावे तो तसे काहीच नाही! मग कोणी म्हणे सगळेच खोटे, कोणी म्हणे आपल्याला दिसत नाही एवढेच. आपल्याच गावच्या आकाशातला धूमकेतू जसा होता तसा टिपून लोकांपुढे ठेवावा, असे तेव्हा मनात आले.

साधने बेताचीच होती. माझा आतेभाऊ लग्नाचे फोटो काढतो. त्याचा कॅमेरा, पन्नास मिलिमीटरची लेन्स आणि ट्रायपॉड, एवढेच भांडवल. ताऱ्यांमागे आपोआप फिरणारे यंत्र आमच्याजवळ नव्हते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाक्यांच्या धुराने आकाश भरून जाणार हे उघड होते, म्हणून आदला दिवस आणि पाडवा अशा दोन संध्याकाळी आम्ही गावाबाहेर मळ्यात गेलो. पश्चिम-वायव्येला स्वातीचा तारा मावळतीला टेकलेला. त्याच्या उजवीकडे, किंचित वर, धूमकेतू. नुसत्या डोळ्यांना कापसाचा बोळा दिसावा इतकाच, तोही जागा ठाऊक असेल तर. सूर्यास्तानंतर पावणेदोन तासांत तो मावळे. संधिप्रकाश ओसरून पुरेसा अंधार पडेपर्यंत हातात उरे ती अर्ध्यापाऊण तासाची वेळ.

प्रस्तुत लेख त्या छायाचित्रांच्या पुढच्या खटाटोपाविषयी आहे. छायाचित्र काढणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे संगणकात होते आणि खरे घोळ तेथेच होतात.

एकाच चित्रात धूमकेतू नीट का येत नाही? पृथ्वी फिरते. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने चार सेकंदांपेक्षा अधिक वेळ उघडझाप लांबवली की तारे ठिपके न राहता रेघा होतात. चार सेकंदांत डोके येते, शेपटी मात्र कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जाते. यावर उपाय असा की चार-चार सेकंदांची दोनशे चित्रे काढावयाची आणि भाकरीची चवड रचावी तशी एकावर एक ठेवून त्यांची सरासरी घ्यावयाची. दिंडीत दोनशे जण एकच अभंग म्हणतात तेव्हा प्रत्येकाचा खोकला, प्रत्येकाचा चुकलेला सूर वेगळ्या क्षणी येतो आणि विरून जातो. शब्द तेवढे सर्वांचे एक असल्यामुळे गावच्या वेशीपर्यंत ऐकू जातात. तसेच येथे. दोनशे चित्रांच्या सरासरीत खरखर सुमारे चौदा पटींनी उतरते आणि शेपटी वर येते. दोनशेचे वर्गमूळ चौदाच्या जवळपास, म्हणून चौदा. आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना एवढे गणित झेपण्यास हरकत नाही.

ही चवड रचणारे डीप स्काय स्टॅकर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. सिरिल नावाचे दुसरेही आहे. मी पहिले वापरले. त्याचे काम ऐकण्यास सोपे: प्रत्येक चित्रातील तारे शोधावयाचे, सर्व चित्रे ताऱ्यांवर जुळवावयाची, सरासरी काढावयाची. आता अडचणी पाहू.

सर्वांत आधी भेटणारी अडचण म्हणजे एक निरोप: इतक्या चित्रांपैकी फक्त एकच जोडले जाईल. पाहणाऱ्याला वाटते, सॉफ्टवेअर बिघडले. तसे काही नसते. जुळणीसाठी त्याला किमान आठ तरी तारे सापडावे लागतात. क्षितिजालगतच्या धुरकट चित्रात तेवढे न सापडल्यास ते चित्र बाजूला पडते. तारा म्हणून कशाला गणावे याची एक मर्यादा सेटिंगमध्ये टक्क्यांत असते. ती खाली आणावी, म्हणजे मंद तारेही मोजले जातात. मात्र फार खाली आणली तर खरखरीचे कणही तारे म्हणून मिरवू लागतात आणि आकडा हजारोंत जातो. तो आकडा पाहून हुरळून जाऊ नये. शेदोनशे खरे तारे पुष्कळ झाले. दुसरे असे की ज्या चित्राशी बाकीची जुळवावयाची ते आधारचित्र चांगले निवडावे; संधिप्रकाशातले नको, मावळतीचेही नको, मधले घ्यावे. आणि चित्राच्या खालच्या कडेला मोबाइल टॉवरचा दिवा किंवा एखाद्या आखाड्यावरचा बल्ब येत असेल तर सावध राहावे. सॉफ्टवेअर त्यालाही तारा समजते. खरे तारे सरकत असतात, हा मात्र जागचा हलत नाही. असे चारदोन दिवे आले की जुळणीचा बोऱ्या वाजतो. कॅमेरा जरा वर उचलून धरणे हाच त्यावरचा खरा इलाज.

हे निस्तरले की चित्र तयार होते: तारे टाचणीच्या टोकासारखे, आणि धूमकेतू पुसटलेला! येथे नवखा माणूस फोकसला दोष देतो. वस्तुतः दोष कोणाचाच नसतो. लेमन त्या दिवसांत ताऱ्यांच्या तुलनेत दिवसाला सुमारे चार अंश सरकत होता. म्हणजे तासाला दहा कला. पूर्ण चंद्राच्या व्यासाचा साधारण तिसरा हिस्सा. आमच्या कॅमेऱ्याच्या मापाने सतरा मिनिटांत तो दहा पिक्सेल पुढे गेला. सॉफ्टवेअरला आपण सांगितले होते की तारे स्थिर धर. त्याने ते इमानाने धरले. धूमकेतू चालता होता, त्याची पुसट रेघ झाली.

म्हणून धूमकेतूसाठी वेगळी रीत आहे. धूमकेतू कोठे आहे हे सॉफ्टवेअरला आपण बोटाने दाखवून द्यावयाचे. पहिल्या चित्रात, शेवटच्या चित्रात आणि आधारचित्रात खूण केली की मधल्या चित्रांतील जागा ते वेळेच्या हिशोबाने स्वतः काढते. खूण झालेल्या चित्रापुढे यादीत 'सी' हे अक्षर उमटते. ते उमटले नसेल तर धूमकेतूच्या जुळणीचे पर्यायच पुढे दिसत नाहीत, आणि माणूस ते सेटिंगच्या सगळ्या पानांत शोधत बसतो. खूण करताना डोक्याच्या हिरव्या गोलाचा मध्य धरू नये. तो गोल शेपटीच्या बाजूला झुकलेला असतो. चित्र मोठे करून सर्वांत तेजस्वी बिंदू शोधावा आणि तेथेच खूण करावी. शेजारी एखादा तारा असेल तर खूण उडी मारून त्याच्यावर जाऊन बसते. तेवढे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

वेळेच्या हिशोबावरून एक महत्त्वाची गोष्ट. कॅमेऱ्याचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असले तरी बिघडत नाही, कारण दोन चित्रांतील अंतर खरे असले म्हणजे झाले. पण मोबाइलवरून एकमेकांना पाठविलेल्या चित्रांत टिपलेली वेळ बहुधा गळून जाते आणि चित्रही आकसते. अशा फाइली दिल्या तर धूमकेतूची मधली जागा निघणार कशी? कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या मूळ फाइलीच घ्याव्यात.

आता धूमकेतू रेखीव झाला, शेपटी दोन बोटे वाढली. पण ताऱ्यांच्या रेघा झाल्या. ही रीत नवी नव्हे. काचपट्टीच्या जमान्यात धूमकेतूचे छायाचित्र घेणारा दुर्बीण हलके हलके धूमकेतूमागे फिरवीत असे, आणि त्याच्या पट्टीवरही ताऱ्यांच्या रेघाच उमटत. बर्नार्ड यांनी १८९२ साली छायाचित्रातून पहिला धूमकेतू शोधला. आपल्या वेणू बाप्पूंनी २ जुलै १९४९ रोजी हार्वर्ड येथे घेतलेल्या काचपट्टीवर नवा धूमकेतू टिपला. तो बाप्पू-बॉक-न्यूकर्क या नावाने ओळखला जातो. बाप्पू हैदराबाद राज्याच्या शिष्यवृत्तीवर तिकडे गेले होते, आणि आपला परभणी जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? असो.

तारेही ठिपके आणि धूमकेतूही रेखीव, असे दोन्ही हवे असेल तर सॉफ्टवेअरमध्ये तिसरा पर्याय आहे. आणि सर्वांत जास्त निराशा पदरात टाकणाराही तोच. तो कसा चालतो हे समजले तर निराशा टळते. धूमकेतूवर जुळविलेल्या दोनशे चित्रांतील एकच पिक्सेल घ्या. त्याचे दोनशे आकडे झाले. बहुतेक आकडे काळ्या आकाशाचे. एखादा तारा तेथून सरकत गेला असेल तर चार-दोन आकडे भलतेच मोठे. तांदूळ निवडताना खडा उचलून टाकावा तसे ते मोठे आकडे काढून टाकावयाचे आणि उरलेल्यांची सरासरी घ्यावयाची. याला कप्पा-सिग्मा क्लिपिंग म्हणतात. अशा रीतीने तारे पुसलेला धूमकेतू वेगळा निघतो, मग ताऱ्यांवर तो ठेवला जातो. पण खडा ओळखू येतो तो ताटात तांदूळ जास्त असतात म्हणून! ताटात निम्मे खडेच असले तर निवडणाऱ्याने काय करावे? पहिल्या संध्याकाळच्या आमच्या सतरा मिनिटांत धूमकेतू दहा पिक्सेल सरकला, आणि एक तारा चार-पाच पिक्सेल रुंद. म्हणजे एकेका पिक्सेलवर तारा जवळजवळ निम्म्या चित्रांत ठाण मांडून बसलेला. त्याला उपरा ठरवावे कसे? म्हणून ताऱ्यांचे तुटके तुकडे शिल्लक राहतात, आणि धूमकेतूभोवती त्याच्याच भुतासारखे एक वलय. येथे सेटिंगचे आकडे कितीही फिरविले तरी फरक पडत नाही.

फरक पडतो तो वेळ ताणल्याने. पाडव्याच्या संध्याकाळी चित्रे तितकीच घेतली, पण मध्ये थांबत थांबत, पस्तीस मिनिटांत. धूमकेतू वीसेक पिक्सेल सरकला. तारा एका जागी पाचातल्या एकाच चित्रात राहिला आणि खड्यासारखा निवडून निघाला. वलय थोडे उरले; डोक्याचा गोलच वीस पिक्सेलहून रुंद, तेव्हा ते उरणारच.

आणखी एक फसवी गोष्ट. कॅमेऱ्यातील काही पिक्सेल तापून कायम लाल किंवा निळे दिसतात. ते चित्रात एकाच जागी बसलेले असतात; पण चित्रे धूमकेतूवर जुळविली की त्यांच्याच समांतर रेघा होतात, जणू तिरका पाऊस. शेपटीतील किरण म्हणून त्या दाखविणारेही असतात! लेन्सवर झाकण ठेवून तितक्याच सेकंदांची वीसेक काळी चित्रे त्याच वेळी घ्यावी. ती सॉफ्टवेअरला दिली की पाऊस थांबतो. चित्राच्या कडा काळवंडतात त्यासाठी लेन्सवर धुतलेल्या धोतराचे पांढरे कापड ताणून सकाळच्या आकाशाची काही चित्रे घ्यावी. आणि तयार झालेले चित्र पहिल्यांदा उघडल्यावर नुसते काळे दिसते. घाबरू नये, त्यातला अंधुक भाग उजळावा लागतो.

उजळता उजळता आतेभाऊ म्हणाला, "शेपूट जराशी लांबवू का गं? नवरीचा रंग उजळतो तसं दोन मिनिटांत होईल." त्याच्या धंद्यात ते चालते, येथे मी नको म्हटले. शेपटी जेवढी त्या दोनशे चित्रांत होती तेवढीच ठेवली. मोबाइलवरच्या त्या कळसापुढे ती अगदीच बिचारी दिसते, हे मान्य.

महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर तीन चित्रे लावली: तारे स्थिर धरलेले, धूमकेतू स्थिर धरलेले, आणि दोन्ही एकत्र केलेले. तिसऱ्यापुढे गर्दी झाली. मराठीच्या सरांनी मात्र विचारले, "यातले खरे कोणते?" प्रश्न नेमका होता. पहिल्या दोन चित्रांत पस्तीस मिनिटांत घडलेली हालचाल उघड दिसते. तिसऱ्यात ती लपविलेली आहे. तसे आकाश कोणत्याही एका क्षणी नव्हते. तरी त्यातला प्रत्येक कण त्याच संध्याकाळचा, त्याच मळ्यातून आलेला आहे. माझ्या मते तिसरे चित्रही खरेच, पण कसे केले ते खाली लिहिलेले असेल तरच. म्हणून प्रत्येकाखाली तारीख, वेळ, चित्रांची संख्या, सेकंद आणि काय स्थिर धरले ते लिहून लावले. आजीला मी पहिले चित्र दाखविले, पुसटलेले. तिला ते पटले. कारण, ती म्हणाली, हे चालताना दिसतंय.

दोन्ही संध्याकाळच्या मिळून चारशे मूळ फाइली मी जपून ठेवल्या आहेत. सुमारे साडेनऊ जीबी होतात. ज्यांना स्वतः जुळवून पाहावयाचे असेल त्यांनी रिकामा पेनड्राइव्ह घेऊन यावे. काळी चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, तीही न्यावी.