तळ्याचे गाणे आणि नकाशावरचा नाला

४ सप्टेंबर २०२२ हा रविवार होता. बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा विभागातील आमच्या घरी त्या संध्याकाळी ज्येष्ठागौरींचे पूजन झाले होते. दुसऱ्या दिवशी विसर्जनासाठी जवळच्या तळ्यावर जाण्याचा बेत होता. रात्री पाऊस वाढत गेला, मध्यरात्रीनंतर वीज गेली, आणि पहाटे तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या हाकांनी इमारत जागी झाली. तळघरातील वाहने पाण्याखाली गेली होती. फाटकाबाहेरचा रस्ता दिसत नव्हता. ‘आपण तळ्यावर जाणार होतो, तर तळेच दारी आले’, असे पत्नी म्हणाली. तिला हा विनोद वाटत होता की भीती वाटत होती, हे मी तिला आजवर विचारलेले नाही.

हवामान खात्याच्या नोंदीनुसार त्या २४ तासांत शहरात १३१.६ मिलिमीटर पाऊस पडला. पुढचे दृश्य देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कचेरीकडे निघालेले, सर्जापूर रस्त्यावरील बंगल्यांतून नावेने बाहेर काढले जाणारे रहिवासी, यमलूर आणि बेळ्ळंदूर येथे पाण्यात अर्ध्या बुडालेल्या महागड्या मोटारी. आदल्या आठवड्यात, ३० ऑगस्टच्या पावसातच, बाह्य वर्तुळ रस्त्यावरील कंपन्यांच्या संघटनेने एका दिवसात २२५ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे मुख्यमंत्र्यांना कळविले होते. आणखी एक विसंगती अशी, की मंड्या जिल्ह्यातील टी. के. हळ्ळी येथील उपसा केंद्रात पुराचे पाणी शिरल्याने सुमारे १०० किलोमीटरवरून येणारे कावेरीचे पिण्याचे पाणी बंद पडले. घरात गुडघाभर पाणी, आणि नळ कोरडा.

या दृश्यांत जे आले नाही, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. आमच्या संकुलाच्या मागे निळ्या ताडपत्रीच्या आणि पत्र्याच्या खोपट्यांची एक रांग होती. यादगीर, रायचूर, विजयपूर या उत्तर कर्नाटकातील जिल्ह्यांतून आलेली बांधकाम मजुरांची आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांची ती वस्ती. तिथे पाणी आमच्या आधी दोन तास आले. पहाटे त्यांतील वीस-पंचवीस माणसे डोक्यावर गाठोडी घेऊन आमच्या फाटकाशी उभी होती. त्यांना आत घ्यावे की नाही यावर रहिवाशांत काही मिनिटे वाद झाला, हे नोंदवताना मला संकोच वाटतो. अखेर पहिल्या मजल्यावरचे सभागृह उघडले. दोन रात्री तळमजल्यावरची कुटुंबे आणि ही माणसे तिथेच एकत्र राहिली.

पहिल्या रात्री बोलण्यासारखे कोणाजवळ काही उरले नव्हते. भ्रमणध्वनी बंद पडले होते, मेणबत्त्या मोजून लावायच्या होत्या. मुले रडत होती. तेव्हा विजयपूर जिल्ह्यातील एका वृद्ध स्त्रीने उपड्या बादलीवर बोटांनी ताल धरला आणि हळू आवाजात गाणे सुरू केले. दोघी-तिघींनी शेवटचे शब्द उचलून धरले. मला कन्नड बेताचे येते; पण ‘केरे’ म्हणजे तळे हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. पत्नीने तिला विचारले, ‘मावशी, हे कशाचं गाणं?’ सोलापूरकडे ऊसतोडीला अनेक हंगाम गेलेल्या त्या बाईला मराठी येत होते. ती म्हणाली, ‘अक्का, तळ्याला दिलेल्या सुनेचं.’

ते ‘केरेगे हार’ हे कथागीत होते. कन्नड लोकवाङ्मयातील हे एक सुप्रसिद्ध गीत. कल्लनकेरी गावचा मल्लनगौडा तळे खणतो, पण त्याला पाणी लागत नाही. सुनेचा बळी द्यावा, असे भविष्य निघते. थोरल्या सुनेला देता येत नाही, म्हणून धाकटी, भागीरथी, ठरते. ती माहेरी जाते, मैत्रिणीकडे जाते, परत येते, आणि पूजेचे साहित्य घेऊन तळ्यात उतरते. पायरी-पायरीने पाणी वर चढते. लष्करात असलेला तिचा नवरा स्वप्न पाहून घरी धावत येतो, तिला शोधतो, आणि सत्य कळल्यावर त्याच तळ्यात उडी घेतो. त्या नवऱ्याचे नाव मादेवराय. महादेवपुऱ्यातल्या त्या अंधारात हे नाव ऐकताना अंगावर काटा आला.

गाणे संपल्यावर पत्नीने श्रावणातली शिळासप्तमीची कहाणी सांगितली. तिथेही राजा तळे बांधतो, पाणी लागत नाही, आणि जळदेवता सुनेच्या थोरल्या मुलाचा बळी मागतात. फरक इतकाच, की मराठी कहाणीत ती सून पुढे व्रत करते आणि जळदेवता तिचा मुलगा परत देतात. वृद्धेने ती कहाणी लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाली, ‘तुमच्यात देतात होय परत? आमच्यात नाही देत.’ सभागृहात पहिल्यांदा कोणीतरी हसले. त्यानंतर गाणी थांबली नाहीत. एकीकडून जात्यावरची कन्नड त्रिपदी, दुसरीकडून ओवी आणि गौरीची गाणी. मुले केव्हा झोपली ते कळले नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद केली. ते कल्याणी आज कर्नाटकात आहे. पुढे १९३०च्या सुमारास विजयपूर जिल्ह्यातीलच हलसंगी गावच्या मित्रमंडळाने बायकांच्या तोंडची ही कन्नड गीते गोळा करून छापली. सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींना ओळखणारी ही गाणी आहेत. मात्र त्या रात्री मिळालेल्या दिलाशाचे कारण एवढ्याने सांगून होत नाही. सगळे ठीक होईल, असे त्या गाण्यात कुठेही नव्हते. पाणी काय मागते आणि ते कोणाकडून मागितले जाते, हे त्यात स्पष्ट सांगितले होते. दिवसभर ‘अभूतपूर्व पाऊस’ हे शब्द ऐकून कंटाळलेल्या माणसांना कोणीतरी खरे बोलते आहे, याचाच आधार वाटला असावा.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या कण्यावर वसलेले आहे. बारमाही नदी जवळ नसल्याने उतारावरचे पावसाचे पाणी एकाखाली एक अशा तळ्यांच्या साखळीत अडवून लोकांनी हे गाव जगविले. वरचे तळे भरले की सांडव्यातून राजकालुवे, म्हणजे मुख्य नाल्यातून, पाणी खालच्या तळ्यात जाई. आगर, बेळ्ळंदूर, वर्तूर आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदी, अशी पूर्वेकडील पाण्याची वाट आहे. आगर येथील गंगकालीन, नवव्या शतकातील शिलालेखात तळ्यांच्या कामाची नोंद आहे. प्रत्येक तळ्याला एक ‘नीरगंटी’ असे. तूब केव्हा उघडायचे, कोणाच्या शेताला किती पाणी द्यायचे, हे तो ठरवी आणि त्याबद्दल त्याला धान्य मिळे. धुळे जिल्ह्यातील पांझरेवरच्या फड पद्धतीत जे काम पाटकरी करीत, तेच हे काम. नळाचे पाणी आले आणि नीरगंटीचे काम संपले. शेते गेली आणि तळ्याचा उपयोगही संपला. भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासानुसार १९७३ नंतरच्या चार दशकांत शहराचे सुमारे ७९ टक्के जलक्षेत्र नाहीसे झाले.

आता माझी स्वतःची चूक. नोकरीची तीस वर्षे मी जमिनीचे नकाशे वाचले. सेवाकाळात दोनदा पूरग्रस्तांच्या याद्या केल्या, पंचनामे तपासले. निवृत्तीनंतर हे घर घेताना खरेदीखत पाहिले, कराची पावती पाहिली, बँकेने दिलेला अभिप्राय पाहिला. ग्रामनकाशा मात्र पाहिला नाही. पाणी ओसरल्यावर ‘दिशांक’ या सरकारी अ‍ॅपवर आमचा सर्व्हे क्रमांक काढला. नाल्याची रेषा आमच्या फाटकातून आत येते आणि मागच्या भिंतीतून खोपट्यांकडे जाते. फक्त पाच मिनिटांचे काम होते. दुसऱ्या रात्री त्या वृद्धेने मला विचारले होते, ‘साहेब, पाणी कुठल्या वाटेनं आलं?’ मला उत्तर देता आले नव्हते. तिने हाताने दिशा दाखवली होती, आणि ती बरोबर होती.

हे अज्ञान माझ्या एकट्याचे असते तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. तळी वाचवण्यासाठी १९८५ मध्ये एन. लक्ष्मण राव या निवृत्त सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे ए. टी. रामस्वामी समिती, उच्च न्यायालयाने नेमलेली न्या. एन. के. पाटील समिती, के. बी. कोळीवाड यांची सभागृह समिती असे एकामागून एक अहवाल आले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये तळ्यांभोवती ७५ मीटर मोकळी जागा सोडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये तो रद्द केल्याने बृहत् आराखड्यातील ३० मीटरचे अंतर पुन्हा लागू झाले. २००७ मध्ये महादेवपुरा ही स्वतंत्र नगरपालिका महानगरात विलीन झाली, पण गावनकाशावरची रेषा आणि शहराची परवानगी यांची गाठ बसली नाही. पुरानंतर आठवड्याभरात याच विभागात नाल्यावरची अतिक्रमणे पाडण्यास सुरुवात झाली. काही दिवस जेसीबी चालले, मग मोहीम थंडावली.

मिसिसिपी नदीच्या १९२७च्या महापुराचा सरकारी इतिहास बंधाऱ्यांच्या उंचीने आणि नुकसानीच्या आकड्यांनी भरलेला आहे. ज्या कृष्णवर्णीय शेतमजुरांना बंधाऱ्यांवर अडवून राबविण्यात आले, त्यांचा अनुभव चार्ली पॅटनसारख्या ब्लूज गायकांच्या १९२९च्या ध्वनिमुद्रिकांतून आपल्यापर्यंत पोहोचला. दप्तरात ज्यांना रकाना नसतो, त्यांची नोंद गाणे ठेवते.

‘केरेगे हार’मधली नोंदही अशीच आहे. तळे साऱ्या गावाचे असते. बळी मात्र घरात ज्याला सर्वांत कमी बोलता येते त्याचा जातो. ५ सप्टेंबर २०२२च्या रात्री आमच्याच परिसरात पाण्यात अडकलेल्या दुचाकीवरून उतरताना विजेच्या खांबाला हात लागून एका तरुणीचा मृत्यू झाला. १९ मे २०२५ रोजी पुन्हा अतिवृष्टी झाली, तेव्हा महादेवपुऱ्यात एका कंपनीची भिंत कोसळून साफसफाईचे काम करणारी महिला दगावली. या दोन पुरांच्या मध्ये, २०२४च्या उन्हाळ्यात, याच विभागातील कूपनलिका आटल्या आणि लोक टँकरमागे धावत होते. पाणी जास्त झाले तरी आणि कमी झाले तरी पहिला फटका कोणाला बसतो, हे बदलत नाही. मोटारींच्या विम्याचे दावे नोंदले जातात; खोपट्यातील भिजलेल्या तांदळाला पंचनाम्यात जागा नसते, कारण खोपटेच कागदावर नसते.

सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या आणि महादेवपुरा पूर्व महानगरपालिकेत गेले. नव्या संस्थेला तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, प्रत्येक बांधकाम परवानगीला आणि खरेदीखताला ग्रामनकाशावरील नाल्याची रेषा सक्तीने जोडावी, म्हणजे माझ्यासारख्याला अज्ञानाची सबब राहणार नाही. दुसरी, प्रत्येक तळ्यासाठी आणि त्याच्या सांडव्यासाठी एक माणूस नावानिशी जबाबदार असावा. त्याला अभियंता म्हणा किंवा नीरगंटी म्हणा. तिसरी, पावसाळ्यापूर्वी सखल भागातील खोपट्यांची गणना व्हावी, भाडेकरार नसला तरी, आणि धोक्याची सूचना देण्याची सुरुवात तिथून व्हावी. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील नाल्यांचीही हीच कथा असल्याने मराठी वाचकाने हा परक्या शहराचा प्रश्न मानू नये.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले. ती माणसे आमच्याआधी खाली उतरली आणि चिखल उपसू लागली. आधी आमचा, कारण त्याचे पैसे मिळणार होते, मग स्वतःचा. गौरींचे विसर्जन राहूनच गेले होते. पत्नीने पाण्याच्या बादलीत ते उरकले, तेव्हा ती वृद्धा जवळ उभी होती. पुढच्या वर्षी गौरी आल्या तेव्हा आम्ही तिला बोलावणे पाठवले. खोपट्यांच्या जागी नव्या इमारतीचा पाया खणलेला होता. ती माणसे कुठे गेली, हे मुकादमालाही सांगता आले नाही.