कारंजा लाड: लाव्ह्याच्या थरांवर वसलेले गाव

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून आणि जुन्या जैन मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. या गावाखालचा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्यापासून बनला. या परिसरात विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, त्याखाली छिद्राछिद्रांचा मांजऱ्या आणि शेवटी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. मांजऱ्यातली छिद्रे म्हणजे लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे. पुष्कळदा त्यांत नंतर पांढरे स्फटिक साचलेले दिसतात. दख्खनच्या खडकात दोन प्रवाहांच्या मधे काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टाही सापडतो. पहिला प्रवाह थंड होऊन त्याची माती झाल्यावर दुसरा येऊन पसरला, याची ती खूण. पाणी मुरते ते झिजलेल्या खडकात आणि भेगांत. म्हणूनच एकाच शिवारात एका विहिरीला भरपूर पाणी असते, तर शेजारची कोरडी पडते.

हा लाव्हा शंकूच्या आकाराच्या डोंगरातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वाहिला. त्यामुळे कारंज्याच्या आसपास ज्वालामुखीचे तोंड शोधून सापडणार नाही. शंभराहून अधिक किलोमीटरवरचे लोणारचे विवर अनेकांना तसे वाटते. प्रत्यक्षात ते याच खडकावर उल्का आदळून झाले आहे. झीज होऊनही दख्खनचा लाव्हा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी सर्वांत जास्त, पूर्वेकडे ती कमी होत जाते.

पृथ्वीचे कवच आणि त्याखालचा घट्ट थर मिळून भूपट्ट बनतात आणि ते सतत सरकत असतात. लाव्हा वाहिला तेव्हा भारतीय भूपट्टाचा हा भाग विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता आणि खोलवरून वर येणाऱ्या एका तप्त स्रोतावरून जात होता. भूपट्ट उत्तरेकडे निघून आला, स्रोत मागेच राहिला. हिंदी महासागरातल्या रीयूनियन बेटावरचा जागृत ज्वालामुखी त्याच स्रोताचा, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. वऱ्हाडात आता ज्वालामुखीची भीती नाही.

भूकंपाचे मात्र तसे म्हणता येत नाही. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर सरकत आशियाला रेटतो आहे. त्यातून हिमालय उभा राहिला, आणि तोच ताण भूपट्टाच्या आतल्या जुन्या, कमकुवत भेगांवरही येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तो भूपट्टाच्या सीमेपासून फार दूर. माती-दगडाच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि हजारो लोक दगावले. वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. जुलैत पुन्हा तेवढाच. किल्लारीचा परिसर १९९३ पूर्वी भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखवला जाई. २००२ च्या नकाशातून तो विभागच काढून टाकण्यात आला.