चंद्राच्या छायाचित्रांतली ‘बांधकामे’: हौशी शोधांचा मागोवा

चंद्रावर कुणाच्या तरी हातचे बांधकाम दिसते, हा दावा छायाचित्रणाहून जुना आहे. म्युनिकचे फ्रान्झ फॉन पाउला ग्रुइटहुइझन यांना १८२२ मध्ये लहान दुर्बिणीतून एका विवराजवळ समांतर भिंती दिसल्या आणि १८२४ मध्ये त्यांनी ते चंद्रवासीयांचे शहर असल्याचे जाहीर केले. जुलै १९५३ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन ओ’नील यांनी मेअर क्रिसियम या मैदानाच्या काठावर प्रचंड पूल पाहिल्याचे सांगितले. ब्रिटिश चंद्रनिरीक्षक एच. पी. विल्किन्स यांनीही त्यांची पाठराखण केली. भिंती म्हणजे नैसर्गिक कडा निघाल्या आणि पूल म्हणजे तिरप्या उन्हाने घडवलेला भास.

या शोधाला खरे बळ मिळाले ते नासाच्या ल्युनर ऑर्बिटर यानांमुळे. अपोलोसाठी उतरण्याच्या जागा निवडायच्या म्हणून १९६६-६७ मध्ये अशी पाच याने पाठवली गेली. फिल्म यानातच धुतली जाई, प्रकाशाच्या बारीक ठिपक्याने पट्ट्यापट्ट्यांनी वाचली जाई आणि संकेतरूपाने पृथ्वीवर येई. इथे त्या पट्ट्या शेजारी शेजारी जुळवून चित्र उभे राही. त्यामुळे पट्ट्यांचे सांधे, फिल्मवरचे फोड आणि डाग हे सगळे चित्रात उतरले. पुढच्या काळातील कित्येक ‘मनोरे’ आणि ‘घुमट’ याच खुणांतून जन्मले.

सर्वांत गाजलेले चित्र ल्युनर ऑर्बिटर २ ने २० नोव्हेंबर १९६६ रोजी चंद्रावरच्या शांतिसागर या मैदानाच्या पश्चिम भागात सुमारे ४७ किलोमीटर उंचीवरून टिपले. त्यात काही वस्तूंच्या लांब, टोकदार सावल्या पडलेल्या होत्या. बोइंगमध्ये काम करणारे मानवशास्त्रज्ञ विल्यम ब्लेअर यांनी त्यांपैकी सात वस्तूंची जागा मोजून त्यांत समद्विभुज त्रिकोण आणि काटकोन दाखवले. तेव्हापासून त्या ‘ब्लेअरचे सुळके’ म्हणून ओळखल्या जातात. ब्लेअर यांचे कुतूहल प्रामाणिक होते; पृथ्वीवर अशी मांडणी दिसली तर पुरातत्त्वज्ञ तिथे खोदून पाहतील, हा त्यांचा मुद्दा होता. मात्र सात बिंदूंतून ३५ त्रिकोण तयार होतात. त्यांतले दोन-चार समद्विभुजाच्या जवळ जाणे मुळीच विशेष नाही. बोइंगमधलेच रिचर्ड शॉर्टहिल यांनी हाच आक्षेप घेतला होता: बिंदू कसेही विखुरलेले असले, तरी शोधणाऱ्याला त्यांत आकृती सापडतेच.

उंचीचा हिशेबही फसवा होता. चित्र घेताना सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर होता. सपाट जमिनीवर अशा वेळी सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे पाचपट पडते. पण सावली पडते त्या बाजूला जमीन फक्त पाच अंशांनी उतरती असली, तर तीच सावली नऊपटींहून लांब होते. म्हणजे उतार लक्षात न घेता मोजले, तर मध्यम आकाराची शिळा जवळजवळ दुप्पट उंच सुळका ठरते. सावलीचे टोक अणकुचीदार म्हणून वस्तूही अणकुचीदार, हा निष्कर्षही टिकत नाही. इतक्या तिरप्या उन्हात गोलसर दगडाचीही सावली निमुळती होऊ शकते.

पुढच्या पिढीने ब्लेअर यांच्याइतकाही संयम पाळला नाही. जॉर्ज लिओनार्ड (१९७६) आणि फ्रेड स्टेकलिंग (१९८१) यांनी नासाच्या छापील चित्रांतून चंद्रावर यंत्रे आणि तळ असल्याचे सांगणारी पुस्तके लिहिली. नव्वदच्या दशकात रिचर्ड होगलंड यांनी काचेच्या अवाढव्य इमारतींचे अवशेष दाखवले. संगणक घरोघरी आल्यावर चित्र हवे तेवढे मोठे करता येऊ लागले, आणि चुकांचा नवा स्रोत उघडला. जेपीईजी पद्धतीत चित्र ८ गुणिले ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबून साठवले जाते. फार मोठे केले की त्या चौकटींच्या कडा सरळ भिंतींसारख्या दिसतात. ज्याला मूळ नोंद आणि तिची प्रत यांतला फरक माहीत नाही, त्याला तिथे शहर दिसणारच.

२००९ मध्ये निघालेल्या नासाच्या ल्युनर रिकॉनेसन्स ऑर्बिटर यानाने या वादांचा पाया बदलला. त्याचा कॅमेरा एका पिक्सेलमध्ये अर्ध्या मीटरपर्यंतचा तपशील देतो आणि एकच जागा वेगवेगळ्या उन्हात पुन्हा पुन्हा टिपतो. एखादी वस्तू सकाळच्या उन्हात मनोरा वाटली, तरी दुपारच्या चित्रात दगड म्हणून ओळखू येते. अपोलोच्या अवतरणयानांचे तिथे राहिलेले भाग आणि अंतराळवीरांच्या पायवाटाही या चित्रांत दिसतात. ब्लेअर यांच्या सुळक्यांच्या जागी साध्या शिळा आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये चीनच्या युतू-२ या चांद्रगाडीला क्षितिजावर ‘झोपडी’ दिसल्याची बातमी आली. गाडी जवळ गेल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तो लहानसा दगड निघाला.

या छंदाचे सर्वांत मोलाचे फळ मात्र भारतीय आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे विक्रम अवतरणयान आदळले. नासाने त्या भागाचे चित्र खुले केल्यावर चेन्नईचे अभियंता षण्मुग सुब्रमण्यन यांनी ते आदळण्यापूर्वीच्या चित्रांशी ताडून पाहिले आणि पूर्वी नसलेला एक उजळ ठिपका शोधला. त्यांनी तो नासाला कळवला. नंतरच्या चित्रांवरून खात्री करून नासाने २ डिसेंबर २०१९ रोजी शोधाचे श्रेय त्यांना दिले. ठिपका मुख्य आघातस्थळाच्या सुमारे ७५० मीटर वायव्येला होता. इथे भूमितीच्या आकृत्या काढलेल्या नव्हत्या; त्याच जागेची आधीची आणि नंतरची चित्रे समोर होती, आणि दाव्याची पडताळणी इतरांच्या हाती सोपवलेली होती.

ल्युनर रिकॉनेसन्स ऑर्बिटरची चित्रे आणि इस्रोने ‘प्रदान’ या संकेतस्थळावर ठेवलेली चांद्रयान-२ ची माहिती अभ्यासकांना आणि हौशींना उपलब्ध आहे. छायाचित्रांतून चंद्रावर आजवर खात्रीने ओळखलेली प्रत्येक कृत्रिम वस्तू माणसानेच पृथ्वीवरून पाठवलेली आहे.