सांधा पक्का, तर माप खरे

स्मरणिकेच्या संपादकांकडून दरवर्षी आम्हांस धान्यबाजारावर लेख लिहिण्याची आज्ञा होते आणि आम्ही गहू, हरभरा व सोयाबीन यांच्या आवकेची हकीकत लिहून देतो. यंदा मात्र विषय अगदी निराळा घेतला आहे. शर्यतीच्या मोटारीतील सेन्सरांच्या तारा ज्या कनेक्टरने जोडतात, तो कसा निवडावा, हा तो विषय होय. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या धान्याच्या व्यापाऱ्याने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न सभासद बंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली. ती प्रांजळपणे सांगावी आणि तिच्यातून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

आमचे नातू इंदूर येथे इंजिनियरिंगचे शिक्षण घेत असता तेथील विद्यार्थ्यांनी एक लहानशी शर्यतीची मोटार बांधावयास घेतली. अशा विद्यार्थी-मोटारींच्या स्पर्धा १९८१ साली अमेरिकेत सुरू झाल्या व पुढे जगभर पसरल्या. मुंबईच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी तर विजेवर चालणारी मोटार घेऊन इंग्लंडातील सिल्व्हरस्टोनपर्यंत जाऊन आले आहेत. आपल्या देशात ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. तीत शेवटची व सर्वांत कठीण परीक्षा सुमारे २२ किलोमीटरांच्या दौडीची असते. निम्मे अंतर झाल्यावर मोटार थांबवून इंजिन बंद करावयाचे, चालक बदलावयाचा आणि पुन्हा इंजिन सुरू करून उरलेले अंतर तोडावयाचे, असा तिचा नियम आहे.

मुलांनी खर्चाची यादी आमच्यापुढे ठेवली. इंजिन, चाके, नळ्या यांविषयी आम्ही चकार शब्द काढला नाही. परंतु बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या कनेक्टरास नगास पाचशे रुपये, आणि असे चौदा-पंधरा नग, हे वाचून आमच्यातला व्यापारी जागा झाला. तसलाच दिसणारा नग बाजारात चाळीस रुपयांस मिळतो, हे आम्ही स्वतः जाऊन पाहून आलो. “दोन तारा जोडावयास पाचशे रुपये कशास?” असे आम्ही विचारले. नातू म्हणाले, “आजोबा, तो हलत नाही.” आम्ही हसलो आणि चाळीस रुपयांचा माल घेण्यास लावले. पैसे आमचे होते, त्यामुळे मुलांनी वाद घातला नाही.

कोइमतुरास मोटार पहिले ११ किलोमीटर सुरेख धावली. चालक बदलला, दुसऱ्या मुलाने बटण दाबले. इंजिन फिरले, पण पेटले नाही. तीन मिनिटांची मुदत संपली आणि वर्षभराची मेहनत तेथेच, आमच्या डोळ्यांदेखत, ढकलत बाहेर काढावी लागली. नंतर उलगडा झाला तो असा. इंजिनाच्या दांड्याशी एक दातेरी चाक असते व त्याचे दाते मोजणारा एक सेन्सर असतो. ठिणगी केव्हा टाकावी व पेट्रोल केव्हा सोडावे, हे संगणक त्यावरूनच ठरवितो. या जातीच्या सेन्सरचा संदेश इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो. वेगात असता जोरकस, सुरुवातीस दुबळा. उभ्या मोटारीवर वाऱ्याचा झोत नसल्यामुळे तापलेल्या इंजिनाशेजारचा आमचा चाळीस रुपयांचा नग मऊ पडला होता व आतील स्प्रिंग ढिली झाली होती. जोरकस संदेश त्यातून कसाबसा पार होत होता. दुबळा संदेश अडला. नातवंडाने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. तो दिला असता, तर बरे वाटले असते.

पुढील वर्षी आम्ही मुलांजवळ बसून हा विषय व्यापारी पद्धतीने, म्हणजे माल कोठे वापरावयाचा हे आधी विचारून, समजावून घेतला. त्याचे सार पुढे देत आहोत.

पहिली गोष्ट जागेची. कनेक्टर कोठे बसणार, तेथे उष्णता किती, पाणी, धूळ व तेल किती, हे प्रथम लिहून काढावे. मालावर ‘आय. पी. ६७’ असे लिहिलेले असते. त्यातील ६ म्हणजे धूळ मुळीच आत जात नाही आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडविला तरी बाधक होईल इतके पाणी शिरत नाही. मात्र ही हमी दोन्ही अर्धे नीट जुळलेले असतानाची आहे, हे विसरू नये. जोराच्या फवाऱ्याने मोटार धुतल्यासही ती लागू पडत नाही. उष्णतेवर सर्वांत स्वस्त उपाय तर असा की, सेन्सरची तार हातभर लांब घ्यावी व कनेक्टर थंड जागी न्यावा. यास खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि आमची पहिली मोटार एवढ्यानेही वाचली असती.

दुसरी गोष्ट धातूची. स्वस्त पिनांवर कथिलाचा मुलामा असतो. मोटारीच्या हादऱ्यांनी दोन पिना एकमेकींवर केसाएवढ्या घासत राहतात. प्रत्येक घासणीत कथिलाची बारीक भुकटी होऊन तिला हवा लागते व तिचा वीज अडविणारा थर जमतो. दिव्याचा मोठा प्रवाह हा थर फोडून जातो. सेन्सरचा प्रवाह फार नाजूक, तो अडतो. म्हणून नाजूक संदेशासाठी सोन्याचा मुलामा घ्यावा. सोन्यास गंज नाही, हे आपल्या समाजास सांगावयास नको. परंतु एका बाजूस सोने व दुसरीस कथील अशी सोयरीक कदापि करू नये. ती दोन्हीकडून कथिलाच्या जोडीहूनही वाईट ठरू शकते.

तिसरी गोष्ट कुलपाची. चांगल्या कनेक्टरास बाहेरून खटका असतोच. शिवाय पिना मागे सरकू नयेत म्हणून आत दुसरी पाचर बसविलेली असते. हा दुहेरी बंदोबस्त नसेल, तर तो नग हादऱ्यांच्या कामाचा नव्हे.

चौथी गोष्ट कारागिरीची. पुष्कळांस वाटते की, पिनेला डाख दिला की सांधा भक्कम झाला. हादऱ्यांच्या जागी नेमके उलट घडते. डाख तारेच्या धाग्यांत चढतो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो व जेथे ताठपणा संपतो तेथेच तार तुटते. म्हणून पिनेच्या पाकळ्या योग्य मापाच्या हत्याराने तारेवर दाबून बसवाव्या, ओढून पाहाव्या, आणि तारेचा ताण पिनेवर न येता मागच्या आवरणावर यावा अशी योजना करावी. पाचशेचा नग वाईट हत्याराने बसविला, तर तो चाळीसचाच होतो.

पाचवी गोष्ट अदलाबदलीची. शेजारी शेजारी असलेले दोन कनेक्टर एकाच घाटाचे ठेवू नयेत. घाईच्या वेळी माणूस चुकतोच. चूक करूच न देणारी खाच निवडावी. एका सेन्सरचा अपवाद तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. धुराड्याची उष्णता मोजणारा थर्मोकपल दोन भिन्न धातूंच्या तारांचा असतो व त्याच्या नेहमीच्या जातीत दर अंशास सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट एवढीच वीज उपजते. त्याच्या कनेक्टराच्या पिना त्याच दोन धातूंच्या असाव्या लागतात. सोन्याच्या घातल्या आणि तेथे दोन टोकांस उष्णता कमी-जास्त असली, तरी माप चुकते. सोने सर्वत्र श्रेष्ठ नव्हे, हे येथे कळले.

आता भावाचा विचार. विमाने व लष्करी सामग्री यांच्यासाठी घडलेल्या गोल, पाव फेऱ्यात खटकन बसणाऱ्या कनेक्टरांची एक लहान जात मोठ्या शर्यतींत वापरतात. तो माल १७५ अंशांपर्यंत टिकतो, भावही तसाच. त्याखालोखाल ‘डॉइच’ या नावाने ओळखली जाणारी डी. टी. व डी. टी. एम. ही घराणी. ती मूळची ट्रक आणि शेतीयंत्रे यांच्यासाठी, १२५ अंशांपर्यंतची. माळव्याच्या धुळीत हार्वेस्टर चालविणाऱ्यांनी हे नग हाताळलेले असतात. डी. टी.ची पिन १३ अँपिअर व डी. टी. एम.ची साडेसात अँपिअर वाहते. सेन्सरांस धाकटी पुरेशी होते व तिच्यात सोन्याचा मुलामाही मिळतो. मुलांनी मोटारभर हीच धाकटी घेतली आणि इंजिनाजवळच्या एकाच जागी विमानी जातीचा नग बसविला. सगळीकडे महाग घेणे हा जसा शहाणपणा नव्हे, तसे सगळीकडे स्वस्त घेणे हाही नव्हे. त्या वर्षी मोटारीने २२ किलोमीटर पुरे केले. बक्षीस मिळाले नाही; पण चालक बदलल्यावर इंजिन पेटल्याचा जो आवाज झाला, तो आम्हांस पुरेसा होता.

आपल्या उज्जयिनीत अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी वेधशाळा बांधली आणि १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. पितळेच्या लहान यंत्रांचे आस झिजतात, केंद्रे सरकतात व वेध चुकतात, हे ध्यानी आल्यामुळेच जयसिंहांनी चुन्यादगडाची अचल यंत्रे उभारली. मोटार चुन्यादगडाची बांधता येत नाही. म्हणून तिचे सांधे तरी हलू देऊ नयेत, इतकेच.

हे सर्व शिकून आम्ही घरी परतलो आणि एक विचार मनात आला. आमच्या वखारीतील विजेच्या काट्याखालीही सेन्सरच असतो. त्यास लोडसेल म्हणतात. पाचशे किलोच्या काट्यात पूर्ण भारास साधारण दहा मिलिव्होल्ट वीज येते, असा हिशेब मुलांनी मांडून दाखविला. म्हणजे वीस मायक्रोव्होल्ट इकडचे तिकडे झाले की काटा एक किलो खोटे बोलतो. पावसाळ्यानंतर परवानाधारक दुरुस्तीवाल्यास बोलावून आम्ही काट्यामागील कनेक्टर उघडविला. एका पिनेवर हिरवा गंज चढलेला होता. प्रमाणित वजने ठेवून पाहता काटा कधी कमी, कधी जास्त दाखवी. किती शेतकऱ्यांचे व किती गिऱ्हाइकांचे धान्य त्याने असे तोलले असेल, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

तो कनेक्टर आम्ही बदलविला, काट्याची फेरतपासणी करून मोहोर घेतली, आणि तेव्हापासून दर पावसाळ्याच्या आधी व नंतर तो उघडवून पाहतो. सभासद बंधूंनीही आपापला काटा एकदा पाहवून घ्यावा, ही विनंती. खर्च फारसा नाही. आणि नग निवडताना भाव विचारण्यापूर्वी, हा हलेल का, एवढे अवश्य विचारावे.